तार आमच्या छतावरून, उजेड परमुलखात

भिवंडीहून पडघ्याच्या बाजूला जाणे-येणे असलेल्या वाचकांनी विजेचे ते उंच मनोरे पाहिलेच असतील. १९९९ सालापासून चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटरची तार ओलांडून पडघ्याला येते. वाटेत कितीतरी गावांच्या शेतांत मनोरे उभे आहेत, पण त्या तारेतून मधल्या एकाही गावाला वीज मिळत नाही. भारनियमनाच्या दिवसांत माग बंद करून बसलेले आमचे कारखानदार भाई या मनोऱ्यांकडे पाहून चरफडत असत. वीज डोळ्यांसमोरून जाते आणि माग मात्र गप्प, हे कोडे आम्हालाही बरीच वर्षे सुटले नव्हते.

हाच प्रश्न मध्य आशियात चार देशांच्या मिळून एका तारेबाबत उभा राहिला आणि तिथे त्यावर एक उपाय करून पाहिला गेला. व्यापारी माणसाने त्याचा हिशेब समजून घ्यावा असा तो आहे.

योजनेचे नाव 'कासा-१०००'. किर्गिझस्तान व ताजिकिस्तान हे विकणारे, पाकिस्तान मुख्य घेणारा आणि अफगाणिस्तान मधली वाट. पहिली तार किर्गिझस्तानातील दात्काहून ताजिकिस्तानातील खुजंदपर्यंत, ४७७ किलोमीटर. दुसरी ताजिकिस्तानातील संगतुदाहून अफगाणिस्तान ओलांडून पाकिस्तानातील नौशेरापर्यंत, सुमारे ७५० किलोमीटर. क्षमता १३०० मेगावॅट. २०१४ मध्ये जागतिक बँकेने मंजुरी दिली तेव्हाचा खर्चाचा अंदाज ११७ कोटी डॉलर होता आणि मे २०१६ मध्ये ताजिकिस्तानात कामाचा आरंभ झाला. खुजंद, फरगाना ही नावे आम्ही उर्दू शाळेत बाबराच्या धड्यात वाचलेली. ज्या नद्यांवर ही वीज होते त्या नारिन आणि वख्श पुढे जाऊन आमच्या पुस्तकातल्या सैहून आणि जैहूनलाच मिळतात.

सौदा असा आहे. उन्हाळ्यात पर्वतांवरचा बर्फ वितळून धरणे भरतात. त्या वेळी त्या दोन देशांत विजेला गिऱ्हाईक कमी असते आणि पाणी वीज न करताच सोडून द्यावे लागते. त्याच दिवसांत पाकिस्तानात उकाड्याने पंख्यांची आणि गिरण्यांची मागणी शिगेला पोहोचते. म्हणून १ मे ते ३० सप्टेंबर हा विक्रीचा हंगाम ठरला. हिवाळ्यात उलटे. नद्या गोठतात, घरे तापवायला वीज लागते आणि विकणाऱ्याच्याच खेड्यांत अंधार होतो. २००७-०८ च्या कडाक्याच्या थंडीत ताजिकिस्तानने फार मोठी वीजटंचाई सोसली.

आता मधल्या गावाला वीज का मिळत नाही ते पाहू. संगतुदा-नौशेराची तार आपल्या पडघ्याच्या तारेप्रमाणेच एकदिश प्रवाहाची, पाच लाख व्होल्टची आहे. भिवंडीहून कापडाच्या गाठी भरून, सील लावून ट्रक कलकत्त्याला निघाला, तर नागपूरच्या दुकानदाराला त्यातून दोन वार कापड कसे द्यायचे? गाठ फोडायला गोदाम लागते. या विजेची गाठ फोडण्याचे गोदाम म्हणजे रूपांतर केंद्र, आणि त्याचा खर्च एखाद्या खेड्याच्या कुवतीबाहेरचा. म्हणून गाठ दोनच ठिकाणी, दोन्ही टोकांना, बांधली व फोडली जाते.

मनोऱ्यासाठी ज्याची जमीन जाते त्याला मोबदला मिळतो. पण त्याच्या शेजाऱ्याला, रस्त्यावर दुकान असलेल्या लोहाराला काहीच नाही. तार त्यांच्याही डोक्यावरूनच जाते. आणि ही केवळ इन्साफाची बाब नव्हे, धंद्याचीही आहे. जानेवारी २०१६ मध्ये अफगाणिस्तानातील बागलान प्रांतात उझबेकिस्तानकडून येणाऱ्या तारेचे मनोरे उडवले गेले आणि काबूलचा मोठा भाग अंधारात बुडाला. उडवणारे लढाईतले लोक होते, गावकरी नव्हेत, हे खरे. तरी शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या मनोऱ्यांवर पहारा कोण ठेवणार? ज्या गावाला मनोऱ्यातून काही मिळत नाही, ते गाव त्याच्यासाठी आपली झोप का मोडील?

म्हणून 'कासा'च्या सोबत तारेलगतच्या गावांसाठी मदतीचा वेगळा कार्यक्रम आखला गेला. त्यातली खरी गोष्ट अशी की, रक्कम एकेकट्या घराला वाटायची नाही. गावाने बसून ठरवायचे: स्थानिक वीजपुरवठ्याचे खांब आणि रोहित्र सुधारायचे, की शाळा, पिण्याचे पाणी, रस्ता. अफगाणिस्तानात यासाठी तयार यंत्रणा होती. २००३ पासून तिथे गावोगाव गुप्त मतदानाने विकास-परिषदा निवडल्या जात होत्या. त्यांच्याच मार्फत हे काम घ्यायचे ठरले आणि पुनर्बांधणीच्या सामाईक निधीतून त्यासाठी ४ कोटी डॉलर धरले गेले. किर्गिझ आणि ताजिक बाजूला त्या त्या देशाच्या सामाजिक गुंतवणूक संस्थांकडे काम दिले.

ताजिकिस्तानात खेड्यांच्या गटाला 'जमोअत' म्हणतात, म्हणजे आपली जमातच. गावाने मिळून अंगमेहनतीने काम करण्याला म्हणतात 'हशर'. उर्दू वाचणाऱ्याला हश्र म्हटले की कयामतचा दिवस आठवतो. तिथे त्याच शब्दाचा अर्थ शेजाऱ्याची भिंत उभारायला जमणे असा झाला आहे. कालव्याचा गाळ काढणे, शाळेचे छत घालणे अशी कामे त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या हशरनेच होत आली आहेत. बाहेरून आलेल्या पैशाला अशी जुनी रीत मिळाली की तो जास्त दूर पुरतो.

पण आमच्या नजरेतून या हिशेबात खोट आहे. अफगाण गावांचे ४ कोटी त्या ११७ कोटींशी ताडले तर शेकडा साडेतीनसुद्धा होत नाहीत. आमच्या बाजारात दलाली, हमाली आणि गाडीभाडे मिळून याहून जास्त जाते, आणि ते दिल्याशिवाय माल हलत नाही हे कोणालाही सांगावे लागत नाही. दुसरे, गावात नवे रोहित्र बसले आणि जानेवारीत देशातच वीज नसली, तर ते रोहित्र थंडच राहणार. उन्हाळ्यात विकलेल्या विजेच्या पैशातून हिवाळ्याची सोय झाली तरच ताजिक किंवा किर्गिझ खेड्याला हा सौदा पटेल. तिसरे, एकदाच दिलेली रक्कम विसारासारखी असते. तार पन्नास वर्षे राहील, विसार पहिल्याच हंगामात संपतो.

आपल्याकडेही मोठे पाऊल पडले ते जमीनमालकापुरतेच. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के मोबदला होता; जून २०२४ मध्ये तो २०० टक्के झाला आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के. गाव म्हणून गावाला काय, याचे कलम त्यात नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची सत्ता बदलली तेव्हा जागतिक बँकेने अफगाणिस्तानातील पैसा थांबवला आणि तारेचे कामही अडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये काम पुढे नेण्यास संमती मिळाली, पण बांधकामाची देणी आणि पुढची कमाई दोन्ही अफगाणिस्तानाबाहेर सांभाळायची या अटीवर. म्हणजे ठेकेदारापर्यंत पैसा नेण्याची वाट निघाली. तशीच वाट गावापर्यंतही काढता येईल. २०१४ मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात युनिटमागे सव्वा सेंट वाट-भाडे ठरले होते. तार पूर्ण भरून हंगामाचे १५३ दिवस चालली, तर सुमारे ४७७ कोटी युनिट होतात, म्हणजे भाडे ६ कोटी डॉलरच्या आसपास. बंद दिवस आणि तूट वजा करा. तरी त्याचा दहावा हिस्सा मनोऱ्यांखालच्या गावांच्या नावे दरसाल वेगळा काढला, तर एकदाच मिळालेले ते ४ कोटी सात-आठ हंगामांत पुन्हा उभे राहतात, आणि पुढच्या हंगामातही गावाच्या वहीत जमेची बाजू भरत राहते.