परतीच्या फेरीचा हिशेब
परभणी जिल्ह्यातील लहान मालवाहतूक व्यवसाय

गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस एके काळी बैलगाडीतून मानवत, सेलू व परभणी येथील बाजारपेठांत येत असे. आता गाडीबैलाची ती जागा बव्हंशी लहान मालवाहू मोटारीने घेतली आहे. २००५ साली 'छोटा हत्ती' या नावाने ओळखले जाणारे टाटा एस हे वाहन बाजारात आले आणि त्याहून मोठी पिकअप वाहनेही खेडोपाडी पोहोचली. अनेक ग्रामीण तरुण कर्ज काढून असे वाहन घेतात. त्यांपैकी कोणाचा व्यवसाय तरतो आणि कोणाचा बुडतो, हे पुष्कळदा एका साध्या प्रश्नावर ठरते : माल उतरवून परतणारी गाडी भरलेली असते की रिकामी?

खर्चाचे दोन भाग

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. १० लाख रुपये किमतीच्या वाहनासाठी २ लाख स्वतःचे व ८ लाख कर्जाचे घातले, तर दरसाल १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी सुमारे १७,००० रुपयांचा मासिक हप्ता बसतो. विमा, कर व तपासणी यांसाठी महिना ४,००० रुपये आणि चालकाचा पगार १५,००० रुपये धरला, तर स्थिर खर्च ३६,००० रुपये होतो. मालक स्वतः गाडी चालवीत असला तरी पगार हिशेबात धरलाच पाहिजे. कारण ती त्याच्या श्रमाची किंमत होय. डिझेल, टायर, तेलपाणी व दुरुस्ती यांसाठी दर किलोमीटरला १० रुपये फिरता खर्च मानावा.

महिन्याला २,५०० किलोमीटर प्रवास झाला, तर एकूण खर्च ६१,००० रुपये. प्रत्येक फेरीत जाताना माल व येताना गाडी रिकामी असेल, तर भरलेले अंतर अवघे १,२५० किलोमीटर भरते आणि खर्च निघण्यासाठी त्यावर किलोमीटरला ४८ रुपये ८० पैसे भाडे मिळावे लागते. दर दोन परतीच्या फेऱ्यांपैकी एकीला माल मिळाला, तर हाच आकडा सुमारे ३२ रुपये ५० पैशांवर येतो. भावात कोणी स्पर्धा करू लागल्यास टिकाव धरण्याची शक्ती या फरकातच आहे.

हंगाम व हप्ता

हप्ता हंगाम पाहत नाही. मालवाहतूक मात्र हंगामावर चालते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन, त्यामागोमाग कापूस व पुढे जानेवारी-फेब्रुवारीत तूर बाजारात येते. तेव्हा माल गावाकडून बाजारपेठेकडे वाहतो. मे-जूनमध्ये प्रवाह उलटतो व बी-बियाणे, खते गावाकडे जाऊ लागतात. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या १८ मे रोजीच्या वर्धापनदिनी खरीप मेळावा भरतो व बियाण्यांची विक्री होते. या हंगामाची चाहूल तेथेच लागते. म्हणून कापूस घेऊन जाणाऱ्याने परतीसाठी पशुखाद्य, सिमेंट वा किराणा माल, तर खत घेऊन येणाऱ्याने परतीसाठी भाजीपाला आधीच ठरवून ठेवणे हिताचे असते.

ऐन पावसाळ्यात काळ्या मातीची पाणंद चिखलमय होऊन शेतापर्यंत गाडी जात नाही. त्या महिन्यात १,००० किलोमीटरच प्रवास झाला व परतीला माल नसला, तर भरलेल्या प्रत्येक किलोमीटरला ९२ रुपये मिळावे लागतील. एवढे भाडे कोणी देत नाही. यास्तव सुगीच्या मिळकतीतून निदान तीन हप्त्यांची रक्कम वेगळी काढून ठेवावी.

भार व कायदा

कापूस हलका पण फुगीर असल्याने वजन पूर्ण होण्याआधीच हौदा भरतो. सोयाबीनचे नेमके उलट. हौद्यात जागा दिसत असतानाच भार मर्यादेबाहेर जातो. १३ क्विंटल क्षमतेच्या गाडीत २० क्विंटल भरण्याचा मोह येथेच होतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. म्हणजे वरील उदाहरणातील एका हप्त्याहून अधिक.

मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू वाहनास परवाना लागत नाही. मात्र नोंदणी, विमा व योग्यता प्रमाणपत्र आवश्यकच असते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनास हलक्या मोटार वाहनाचे लायसन पुरेसे आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

सर्वांत मोठा धोका लग्नसराईत असतो. मालवाहू गाडीतून वऱ्हाड नेणे बेकायदेशीर आहेच. शिवाय अशा वाहनातील प्रवाशांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. मालासोबत जाणारा मालधनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यालाच कायद्याने संरक्षण आहे. एका अपघातात मालकाची जमीनही भरपाईत जाऊ शकते.

कर्ज व गावाचा सहभाग

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत व 'तरुण' गटात १० लाखांपर्यंत कर्ज तारणाविना मिळू शकते. म्हणून वाहनासाठी सातबाऱ्यावर बोजा चढविण्यापूर्वी बँकेत या योजनेची चौकशी करावी.

ग्रामपंचायतीलाही यात कार्य आहे. आठवडी बाजारास कोणाचा किती माल जावयाचा व तेथून काय आणावयाचे, याची नोंद कार्यालयातील फलकावर ठेवली, तर दोन-तीन शेतकऱ्यांचा माल एका फेरीत जाईल व परतीची गाडीही भरेल. पाणंद रस्त्याचे खडीकरण झाले, तर पावसाळ्यातील बंद महिने कमी होतील. शाळेत वरील हिशेब गणिताचे उदाहरण म्हणून घालता येईल. गाडी घेण्यापूर्वी घरातील मुलाने तो वहीत मांडून वडिलांना दाखविला, तर त्या कुटुंबाचा निर्णय निश्चितच अधिक डोळस होईल.