मेटासेंटर, मांडवा आणि मेनसेल

एस.ई.ला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल असतं. टाकीतल्या पाण्यावर पत्र्याचा छोटा तराफा तरंगत असतो. त्याच्यावरचं वजन डावी-उजवीकडे सरकवायचं, लंबकाचा कोन वाचायचा आणि मेटासेंट्रिक उंची काढायची. मी ते केलेलं नाही. म्हणजे जर्नलमध्ये आहे, खाली सहीसुद्धा आहे, पण रीडिंग्ज वरच्या मजल्यावरच्या एका सीनियरच्या फाइलीतून उतरवलेली आहेत. (त्याने ती कुठून आणली देव जाणे.) टर्म ग्रँट झाली आहे, तेव्हा आता कबूल करायला हरकत नाही. तेच प्रॅक्टिकल पुढे मला मांडवा आणि गेटवे ऑफ इंडिया यांच्या मधल्या समुद्रात करावं लागलं, आणि तिथे सरकवायचं वजन म्हणजे आम्हीच होतो.

झालं असं, की माझ्या रूमपार्टनरच्या मामांकडे एक जुनी २६ फुटी शिडाची बोट आहे. आत चार माणसं झोपू शकतील एवढी केबिन, खाली शिशाची जड कील, आणि बंद पडण्यात पटाईत असं एक छोटं इंजिन. मामा जहाजावर इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी आम्हा तिघा हॉस्टेलवाल्यांना मांडव्याला न्यायचं कबूल केलं. सामान चढवायचं काम माझ्याकडे होतं. पाण्याचे २० लिटरचे चार कॅन मी उजव्या बाकाखाली ढकलले, कारण ते दार जवळ होतं. आमच्या सॅकही त्याच बाजूला टाकल्या. मामा दोर लावण्यात गुंतले होते, त्यांनी पाहिलं नाही.

जातानाचा प्रवास म्हणजे निव्वळ ऐष. गेटवेपासून मांडवा साधारण आग्नेयेकडे, त्यातही दक्षिणेकडे जास्त झुकलेलं. त्या दिवसांत दुपारचा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे आम्हाला तो जवळजवळ पाठीवर होता. बोट सरळ उभी, कोणी कॅमेरा काढलेला, कोणी चिवड्याची पिशवी उघडलेली. मी मामांना म्हटलं, ‘‘शीड आणखी मोठं असतं तर काय मजा आली असती!’’ मामा नुसते हसले. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

इथे थोडं गणित करू. समजा वारा १५ नॉटचा आहे आणि बोट ५ नॉटने चालली आहे. वारा पाठीवर असेल तर बोट वाऱ्यापासून पळत असते, म्हणून अंगाला आणि शिडाला लागतो तो फक्त १० नॉटचा वारा. आता बोट वळवा आणि वाऱ्याला ४५ अंशांवर धरून वर चढा. व्हेक्टर मांडले की उत्तर येतं जवळपास १९ नॉट. तोच वारा, तीच बोट. पण शिडावरचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे १.९ चा वर्ग, ३.६ पट! मांडव्याकडे जाताना गार झुळूक वाटणारा वारा परतीला साडेतीन पट जोराने धक्का देणार, हे शीड पूर्ण उघडं ठेवून निघालेल्या माणसाला कुठेच लिहिलेलं दिसत नाही. आम्हालाही दिसलं नाही.

मांडव्याचा धक्का सोडून आम्ही उत्तरेला तोंड केलं मात्र, बोट उजवीकडे कलली. आम्ही तिघे कॉकपिटमध्ये उजवीकडेच बसलो होतो. घाबरलेला माणूस आहे त्याच जागी घट्ट धरून बसतो, तसे आम्ही आणखी घट्ट बसलो. सुकाणूचा दांडा, म्हणजे टिलर, माझ्या हातात होता. तो मला ओढू लागला. दोन्ही हातांनी खेचूनही बोट वाऱ्याकडे वळायला बघत होती. हे का होतं ते नंतर कळलं. बोट कलली की शिडावरच्या बलाचा मध्य पाण्यावर एका बाजूला बाहेर जातो, आणि विरोध करणारं पाणी राहतं मध्ये. या जोडीने बोट वाऱ्याच्या दिशेने फिरते. तुम्ही सुकाणू उलट धरून ठेवता, म्हणजे प्रत्यक्षात पाण्यात ब्रेक लावून बसता. वेग कमी, कल जास्त, दमछाक फुकट.

मग एक जोराचा झोत आला. उजवी कड पाण्यात गेली, केबिनमध्ये काहीतरी धाडकन आपटलं, आणि माझ्या हातातला टिलर एकदम हलका झाला. सुकाणूचं पातं अर्धं पाण्याबाहेर आलं होतं! बोट आपल्या मर्जीने गर्रकन वाऱ्याकडे वळली. समोर नांगरून ठेवलेला एक बार्ज होता, आणि आम्ही वळलो ते त्याच्यापासून लांब. ती माझी हुशारी नव्हती. वारा दुसऱ्या बाजूने असता तर आम्ही त्याच्या पोटात गेलो असतो. माझ्या पार्टनरचं कोपर फुटून रक्त आलं होतं आणि तो माझ्याकडे बघत होता. मी कॅनबद्दल काही बोललो नाही.

मामांनी आवाज न चढवता कामाला लावलं. पहिलं वाक्य, ‘‘सगळे वरच्या बाजूला बसा.’’ आम्ही तिघे डावीकडच्या कडेवर जाऊन बसलो आणि बोट लगेच उठली. हॉस्टेलवर आल्यावर मी आकडे धरून पाहिले. बोटीचं वजन अडीच टन, मेटासेंट्रिक उंची ०.९ मीटर. तर एक अंश कल बदलायला सुमारे ४० किलो-मीटर मोमेंट लागतो. ७० किलोची तीन माणसं दोन मीटर सरकली, म्हणजे ४२०. दहा अंशांचा फरक! माझे ८० किलोचे कॅन मध्यरेषेपासून ०.९ मीटरवर होते. त्यांचा हिस्सा जवळजवळ दोन अंशांचा, आणि तोही चुकीच्या बाजूला. (जड सामान तसं खाली आणि बोटीच्या मध्याजवळ ठेवायचं असतं. टोकाला ठेवलं तर लाटेवर बोट पाळण्यासारखी पुढे-मागे डोलते, आणि पाळण्यात बसून ओकारी कशी येते हे जत्रेत जाणाऱ्यांना माहीत आहे.)

पण नुसत्या माणसांच्या वजनावर किती भिस्त ठेवणार? माणसं दमतात, आणि एकट्याने निघालेल्याकडे तर माणसंच नसतात. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून वाटेत कुठेही न थांबता गेले. ५६ फुटांच्या बोटीवर एक माणूस या कडेवरून त्या कडेवर गेला काय, राहिला काय! तिथे आधार दोनच, खालची कील आणि वेळेवर लहान केलेलं शीड.

तर शीड लहान करणं, म्हणजे रीफ घेणं. मामांनी आधी बोट वाऱ्याच्या थोडी जवळ धरली आणि मेनसेलचा दोर सैल सोडला, म्हणजे शीड फडफडत राहील, पण बोट चालती राहील. शीड सैल झालं की मागून बूम डोक्यात पडू नये म्हणून तिचं मागचं टोक वरच्या दोराने तोललं. मग हॅलयार्ड, म्हणजे शीड वर खेचणारा दोर, दीडेक मीटर सोडला. शिडाच्या पुढच्या कडेला वर एक लोखंडी डोळा असतो, तो डोलकाठीपाशी बूमच्या हुकात अडकवला आणि हॅलयार्ड पुन्हा कचकचीत ताणला. त्यानंतर मागच्या डोळ्यातून आलेला दोर बूमच्या टोकाकडे खेचला. हा क्रम महत्त्वाचा. आधी मागचा दोर ओढला तर सैल शीड मागे खेचलं जातं आणि डोलकाठीजवळची कड फाटते. शेवटी बूमवर लोंबणारं कापड छोट्या दोऱ्यांनी गुंडाळायचं, तेही सैलसर. या दोऱ्यांवर भार नको, भार फक्त त्या दोन डोळ्यांवर. त्यांना मारायची गाठ म्हणजे रीफ नॉट. स्काउटमध्ये शिकलेल्या गाठीचं नाव कुठून आलं, ते मला तिथे समजलं.

मला वाटलं होतं शीड थोडंसं कमी केल्याने काय होणार. पण बघा, शिडाची पुढची कड ९ मीटर धरली आणि ती ७.५ झाली, तर त्रिकोणाचं क्षेत्रफळ ३१ टक्क्यांनी घटतं. शिवाय त्याचा मध्यबिंदू अर्धा मीटर खाली येतो. तरफेची लांबी ५.३ वरून ४.८ मीटर होते. दोन्ही मिळून मेनसेलचा कलवणारा मोमेंट ३७ टक्के कमी. बोट सरळ झाली, टिलर दोन बोटांत राहू लागला, आणि गंमत म्हणजे वेग वाढला! आम्ही सगळे तोंडात बोट घालून बसलो. मामा म्हणाले, ‘‘रीफ घ्यावा का, असं मनात आलं की घेऊन मोकळं व्हायचं. मी आज धक्क्यावरच घ्यायला हवा होता. तुमच्यासमोर जरा मिजास केली.’’

सगळ्यात मोठी चूक ते स्वतःवर घेत होते. मग मात्र मला कॅनचं सांगावंच लागलं. पार्टनरने फुटलेल्या कोपराकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘सबमिशनला माझी ड्रॉइंग शीट तूच काढणार.’’ काढली. दोन्ही शीट.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कॅन मधोमध खाली, सॅक केबिनच्या तळाशी, आणि मांडव्याच्या धक्क्यावरच मी मामांना न विचारता रीफ घेतला. वारा पडला. रीफ सोडायचं ठरलं तेव्हा मी छोट्या दोऱ्यांपैकी एक सोडायला विसरलो आणि हॅलयार्ड ताणल्यावर शिडात बोटभर फट पडली. इंजिनने नेहमीप्रमाणे असहकार पुकारला. गेटवेला पोचायला रात्रीचे नऊ वाजले, हॉस्टेलच्या गेटवर पावणेबारा. रेक्टर सरांना मी रीफ, वारा आणि मेटासेंटर असं सगळं समजावून सांगितलं. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि रजिस्टरमध्ये ‘लेट’ असं लिहिलं.