भुईआवळीची परीक्षा

पुणे जिल्ह्यात तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी वेल्हे नावाचे गाव आहे. पावसाळा सुरू होऊन भाताची खाचरे भरली, की त्या बाजूच्या बांधांवर वीतभर उंचीची एक वनस्पती आपोआप उगवते. तिची पाने आवळ्याच्या पानांसारखी असतात. डहाळी उलटी करून पाहिली, तर पानांखाली मोहरीहून थोडी मोठी हिरवी फळे ओळीने लटकलेली दिसतात. हीच भुईआवळी. संस्कृत वैद्यकग्रंथांत तिला भूम्यामलकी म्हटले आहे. कोणाचे डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली, की घरातील वडीलधारी बाई ती मुळासकट उपटते, धुऊन पाट्यावर वाटते आणि ताकातून रोग्याला देते. पुष्कळदा रोगी बराही होतो. मग औषधाचा गुण कोण नाकारील?

वनस्पतीला जागा सोडून पळता येत नाही. ऊन, कीड, बुरशी यांना तिला उभ्या जागीच तोंड द्यावे लागते. त्यासाठी ती आपल्या अंगी नाना रसायने तयार करते. त्यांपैकी काहींना प्रतिऑक्सिडीकारके, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, म्हणतात. चिरलेले वांगे उघड्यावर काळे पडते. त्याला लिंबाचा रस चोळला, तर ते बराच वेळ पांढरे राहते. लिंबाचा आंबटपणा आणि त्यातील क जीवनसत्त्व या दोहोंचे हे काम. क जीवनसत्त्व हवेतील प्राणवायूचा आघात जणू स्वतःवर झेलते. भुईआवळीतही तुरट टॅनिने, फ्लॅव्होनॉइडे, फायलँथिन अशी द्रव्ये आहेत. परंतु प्राणवायूचा आघात झेलणे निराळे आणि शरीरात शिरलेल्या विषाणूला आवरणे निराळे.

शिवाय कावीळ हा एकच रोग नव्हे; ते यकृत बिघडल्याचे चिन्ह आहे. दूषित पाण्यातून ‘अ’ आणि ‘ई’ या प्रकारांचे विषाणू पोटात जातात. त्यांनी आजारी पडलेली बहुतेक माणसे काही आठवड्यांत औषधावाचूनही बरी होतात. त्या बाईने पाटा धुऊन ठेवला असता, तरी तिचा रोगी बहुधा उठून बसला असता! मात्र गर्भवती स्त्रीला ‘ई’ प्रकार प्राणघातक ठरू शकतो. काविळीच्या रोग्याला गुंगी येऊ लागली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर वाटण्याघाटण्यात घालवलेला एकेक तास महागात पडतो.

‘ब’ प्रकारचा विषाणू रक्तावाटे आणि मातेकडून बाळाला मिळतो व काहींच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. तो शोधून काढणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लुम्बर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या मोठ्या संशोधकाने या बांधावरच्या रोपट्याला तुच्छ मानले नाही. १९८७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की भुईआवळीचा अर्क परीक्षानळीत या विषाणूच्या वाढीला लागणारे एक विकर रोखतो. पुढच्याच वर्षी मद्रासच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणू बाळगणाऱ्या ३७ जणांना तीस दिवस भुईआवळीची पूड दिली होती. त्यांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. ज्या २३ जणांना औषधासारखीच दिसणारी निर्गुण पूड दिली होती, त्यांच्यापैकी मात्र एकाचीच खूण गेली.

वार्ता जगभर पसरली. थायलंड, न्यूझीलंड आदी देशांतील वैद्यांनी तोच प्रयोग आपापल्या रोग्यांवर करून पाहिला. पण मद्रासचे यश त्यांना लाभले नाही. २०११ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हाही भुईआवळीच्या बाजूने खात्रीचा पुरावा मिळाला नाही. परीक्षानळीत यकृत नसते, जठर नसते, रक्ताभिसरणही नसते. तेथे जिंकलेले द्रव्य शरीरातही जिंकेलच असे नाही.

ब्लुम्बर्ग यांनी आपले सहकारी अर्व्हिंग मिलमन यांच्यासह आणखीही एक वाट धरली होती. १९६९ मध्येच त्यांनी ‘ब’ प्रकारच्या काविळीवरील लशीची रीत मांडली. पुढे लस तयार झाली आणि तिच्या गुणाची परीक्षा देशोदेशी पुनःपुन्हा उतरली. आज भारतात या लशीची पहिली मात्रा बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत देण्याची योजना आहे. वेल्ह्याच्या बाळालाही ती पाळण्यात घालण्यापूर्वीच टोचायची असते.