गावच्या टेलिफोन केंद्रापासून विजेच्या इशाऱ्यापर्यंत : सी-डॉटचे संशोधन व शेतकरी

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नवीन वाण, खतांच्या मात्रा किंवा एखादे सुधारित अवजार येते. परंतु शेतीशी थेट संबंध नसलेल्या एका संस्थेचे संशोधन गेली अनेक वर्षे आपल्या शेतापर्यंत पोहोचत आहे. तिचे नाव सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, म्हणजेच सी-डॉट. केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाच्या अखत्यारीतील या संस्थेची स्थापना १९८४ साली झाली. दिल्ली व बेंगळुरू येथे तिची केंद्रे आहेत. या संस्थेने काय केले आणि त्यातील कोणती गोष्ट येत्या हंगामात आपल्या जिवाशी निगडित आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

गावासाठी बनविलेले टेलिफोन केंद्र

१९८० च्या सुमारास आपल्या देशात टेलिफोन ही शहरातील व त्यातही श्रीमंताघरची वस्तू होती. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्वयंचलित टेलिफोन केंद्राची यंत्रे परदेशी तंत्रावर अवलंबून होती आणि ती यंत्रे तिकडच्या गरजेप्रमाणे बनविलेली असत. तिकडे घरोघरी फोन असल्यामुळे केंद्र मोठे, पण प्रत्येक फोनवरील बोलणे तुलनेने कमी. आपल्याकडे नेमकी उलट परिस्थिती होती. गावात फोन चार-दोन, परंतु त्या प्रत्येकावर सारे गाव बोलणार. शिवाय परदेशी यंत्राला वातानुकूलित खोली लागे. ज्या गावात विजेचा दिवा सलग चार तास जळत नाही, तेथे वातानुकूलन कोठून आणणार?

सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सी-डॉटने हा प्रश्न मुळापासून हाताळला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयावर काम केलेले डॉ. एम. व्ही. पिटके यांच्यासारखे तज्ज्ञ त्यात सहभागी होते. कामासाठी ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये अशी मर्यादा घालून घेण्यात आली होती. त्यातून १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन केंद्र तयार झाले. यंत्राची रचनाच अशी केली की आतील उष्णता नैसर्गिक हवेच्या प्रवाहाने बाहेर पडावी. त्यामुळे वातानुकूलनाची गरज राहिली नाही आणि धूळ, उकाडा व दमटपणातही ते चालू राहिले. असे पहिले केंद्र १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. राणी चन्नम्माचे हे कित्तूर पुणे-बेंगळुरू रस्त्यावर बेळगाव व धारवाड यांच्या दरम्यान आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते येता-जाता पाहिले असेल.

हे तंत्र संस्थेने स्वतःपाशी ठेवले नाही. सरकारी व खाजगी अशा अनेक कारखान्यांना ते दिले. यंत्रे देशातच बनू लागल्याने केंद्रे लहान गावांपर्यंत गेली. पुढे पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओ बूथने गावोगाव बाजारपेठेचा दरवाजा उघडला. तत्पूर्वी माल ट्रकमध्ये भरून वाशीला पोहोचेपर्यंत भाव काय हे कळत नसे आणि पडत्या भावातही तो तेथेच विकून यावे लागे. फोनमुळे माल काढण्यापूर्वी दोन ठिकाणचे भाव विचारता येऊ लागले. आमच्या मते एखाद्या चांगल्या वाणाइतकाच हा फायदा मोलाचा आहे, जरी त्याची नोंद कोणत्याही पीक-प्रात्यक्षिकात होत नसली तरी.

अलीकडील काही कामे

ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची केबल नेणाऱ्या भारतनेट योजनेत सी-डॉटने विकसित केलेली यंत्रणा वापरण्यात आली. चोरीस गेलेला मोबाईल देशभर बंद पाडणारी व्यवस्थाही याच संस्थेची असून, २०२३ पासून ती संचार साथी या शासकीय सेवेतून सर्वांना खुली आहे. त्यासाठी मोबाईलचा १५ अंकी क्रमांक लागतो. *#०६# दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. आजच तो वहीत लिहून ठेवावा, कारण मोबाईल गेल्यावर तो शोधणे कठीण होते. भारत संचार निगमच्या स्वदेशी फोर-जी यंत्रणेचा गाभाही सी-डॉटचा असून सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सेवेचे राष्ट्रीय पातळीवर उद्घाटन झाले.

इशारा कसा पोहोचतो?

शेतकऱ्याच्या दृष्टीने आज सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आपत्तीची पूर्वसूचना देणारी एकत्रित प्रणाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही सेवा सी-डॉटने विकसित केलेल्या या प्रणालीवर चालते. हवामान खाते पाऊस, वादळ व विजेचा, तर केंद्रीय जल आयोग पुराचा इशारा देतो. तो राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडे जातो. तेथे संगणकावरील नकाशावर धोक्याच्या क्षेत्राभोवती रेघ आखली जाते. त्या रेघेच्या आत जेवढे मोबाईल मनोरे असतील, त्यांच्या पट्ट्यातील मोबाईलवर संदेश पाठविला जातो व तो स्थानिक भाषेतही असतो. म्हणजे विजेचा धोका औसा तालुक्याला असेल तर नाशिकच्या शेतकऱ्याला विनाकारण संदेश जात नाही.

यात दोन प्रकार लक्षात घ्यावेत. पहिला साध्या एसएमएसचा. तो एकेका क्रमांकावर जातो, पोस्टमन घरोघर पत्र टाकतो तसा. लाखो मोबाईल असतील तर त्याला वेळ लागतो. दुसरा सेल ब्रॉडकास्टचा. यात मनोरा एकदाच दवंडी पिटतो आणि त्याच्या टापूत असलेल्या सर्व योग्य मोबाईलवर ती काही सेकंदांत एकाच वेळी उमटते. त्यासाठी मनोऱ्याला तुमचा क्रमांक माहीत असण्याची गरज नाही आणि जाळ्यावर गर्दी असली तरी संदेश अडत नाही. २०२३ मध्ये जुलैपासून निरनिराळ्या राज्यांत याच्या चाचण्या झाल्या. त्या वेळी मोबाईल एकाएकी मोठ्याने किंचाळला व थरथरला, पडद्यावर नमुना चाचणी संदेश आला आणि अनेकजण घाबरले, हे आपणास आठवत असेल. तो आवाज मुद्दामच तसा ठेवलेला आहे.

मोबाईल बंद करू नका

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींनी झालेल्या एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. उघड्या रानात काम करणाऱ्यांना हा धोका सर्वाधिक असतो. मराठवाडा व विदर्भात मे-जूनमधील वळीव आणि परतीचा पाऊस हे धोक्याचे दिवस. एकीकडे पेरणीपूर्व मशागत, तर दुसरीकडे सोयाबीनची काढणी याच काळात येते, म्हणजे माणसे रानातच असतात.

अशा वेळी आपण काय करतो? आभाळ गडगडू लागले की पहिल्यांदा मोबाईल बंद करतो आणि मग झाडाखाली जातो. या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. मोबाईल वीज ओढून घेतो हा गैरसमज आहे. हा समज तारेच्या टेलिफोनच्या काळातील असावा व त्या काळी तो रास्तही होता, कारण खांबावरून आलेल्या तारेतून विजेचा झोत घरातील फोनपर्यंत येऊ शकतो. हातातील मोबाईलला अशी तार नसते. मात्र चार्जरला लावलेल्या मोबाईलला ती असते, म्हणून गडगडाटात चार्जिंगला लावून बोलू नये. मोबाईल बंद केल्यास मनोऱ्याची दवंडी ऐकू येणार नाही, एवढेच त्यातून साध्य होते.

पुढील गोष्टी हंगामापूर्वी करून घ्याव्यात. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सुरक्षा व आणीबाणी या सदराखाली 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' असा पर्याय असतो. मोबाईलच्या बनावटीनुसार त्याची जागा बदलते, तेव्हा घरातील शिकत्या मुलाकडून तो शोधून चालू करून घ्यावा. जुन्या साध्या मोबाईलवर ही सोय असेलच असे नाही, तेथे एसएमएसवर भिस्त ठेवावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲपही घ्यावे. त्यात आपल्या ठिकाणापासून २० व ४० कि.मी. परिघात पडणाऱ्या विजा दिसतात. खरा इशारा कधीही पैसे किंवा बँकेची माहिती मागत नाही, हेही घरी सांगून ठेवावे.

काढणीला आलेल्या मजूर स्त्रिया बहुधा मोबाईल बांधावरच्या पिशवीत ठेवतात किंवा त्यांच्याजवळ तो नसतोच. म्हणून मालकाने किंवा मुकादमाने आपला मोबाईल आवाज चालू ठेवून अंगावर बाळगावा आणि संदेश येताच काम थांबवावे. सुडी झाकण्यासाठी थांबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भिजलेल्या सोयाबीनचे नुकसान भरून काढता येते.

ज्या शिवारात मोबाईलला रेंजच नाही, तेथे कान व डोळे वापरावेत. वीज चमकल्यापासून आकडे मोजावेत. आवाज यायला दर ३ सेकंदांना साधारण १ कि.मी. अंतर धरतात. ३० मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० कि.मी.च्या आत आहे, ताबडतोब निघावे. पक्के घर किंवा बंद मोटारगाडी सुरक्षित. उघडे पत्र्याचे शेड, उघडा ट्रॅक्टर व एकटे झाड असुरक्षित. विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरला, तारेच्या कुंपणाला व लोखंडी पाइपला हात लावू नये. निवारा जवळ नसेल तर एकमेकांपासून दूर होऊन, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. जनावरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने जमिनीतून पसरणारा झोत त्यांना अधिक बाधतो. त्यांना झाडाखाली बांधून ठेवू नये.

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटे रानात परतू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह उरलेला नसतो. त्याला हात लावण्यास कोणतीही भीती नाही. श्वास व नाडी बंद असल्यास छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि त्याच चालू मोबाईलवरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.