गाडी घेण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडा

धंदा बरा चालू लागला की नव्या गाडीचा विचार मनात येतोच. त्यात गैर काही नाही. पण पुष्कळजण आधी शोरूमला जातात, रंग पसंत करतात आणि हिशेब मागाहून मांडतात. भांडवल गाडीत अडकले की सणाच्या तोंडावर माल भरायला पैसा उरत नाही. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी घरीच ठरवाव्यात.

१) गाडी कशासाठी? महिनाभर वही ठेवा. माल किती वेळा आणला, टेम्पोला भाडे किती दिले, कुटुंबासाठी किती फेऱ्या झाल्या, हे रोज लिहा. माल जास्त आणि माणसे कमी असतील तर कारऐवजी लहान मालवाहू गाडीचा विचार करावा.

२) जीएसटीचा फरक. कारवर भरलेला जीएसटी साधारण दुकानदाराला परत वळता करून घेता येत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवरचा मात्र घेता येतो. ५ लाखांच्या मालवाहू गाडीवर १८ टक्क्यांनी ९० हजार रुपये कर होतो. ही रक्कम लहान नाही. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही सवलत नाही. मालवाहू गाडीला ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र लागते, तोही खर्च धरावा.

३) गाडी कोणाच्या नावे? महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला व्यक्तीच्या नावे ११ टक्के, तर डिझेल कारला १३ टक्के रस्ता कर आहे. कंपनीच्या नावे घेतल्यास तो २० टक्क्यांवर जातो. सही करण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

४) खरी किंमत किती? जाहिरातीतील किंमत शोरूमची असते. ७ लाखांच्या पेट्रोल कारला रस्ता करच सुमारे ७७ हजार होतो. त्यावर नोंदणी आणि विमा वेगळा. नव्या कारला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा घ्यावाच लागतो, पण तो शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही. दोन-तीन ठिकाणांहून बाबवार लेखी दर घ्यावेत. ज्या रकमेचे कारण विक्रेता सांगू शकत नाही, ती काढायला लावावी.

५) पैसा कुठून? ५ लाखांच्या ५ वर्षांच्या कर्जावर १० टक्के ‘फ्लॅट’ दराने अडीच लाख व्याज जाते. तोच दर घटत्या शिलकीवर असेल तर सुमारे १ लाख ३७ हजार. दर सारखाच दिसतो, बोजा जवळजवळ दुप्पट! ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी हप्त्याएवढी रक्कम आजपासूनच दरमहा बाजूला टाकावी. वर्षभर धंद्याला हात न लावता ती साठली, तर गाडी आपल्याला पेलेल हे समजावे. नाही साठली, तर तेवढ्यापुरता भाड्याचा टेम्पोच बरा.

६) ताबा घेताना. नोंदणीपूर्वीच दिवसाउजेडी गाडी पाहावी. चॅसिस व इंजिन क्रमांक कागदाशी जुळवावेत, तयार झाल्याचा महिना आणि वर्ष विचारावे. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळणे फार अवघड असते.

रंग शेवटी निवडावा.