कामगार नेमताना गुण कशाचे मोजावेत?

दुकानात किंवा कारखान्यात माणूस ठेवायचा झाला की बहुधा ओळख, नाते किंवा शिफारस पाहिली जाते. चाचणी घेऊन निवड करणे हा त्याहून चांगला मार्ग आहे. परंतु चाचणी घेतली म्हणजे न्याय झालाच असे नाही. त्यासाठी अमेरिकेतील दोन खटले आपण समजून घेऊ.

उत्तर कॅरोलिना राज्यातील ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर खात्यात घेत. नोकरीतील भेदभावाला बंदी करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी लागू झाला. त्याच दिवसापासून कंपनीने इतर खात्यांतील भरतीसाठी दोन चाचण्या लावल्या, एक सामान्य बुद्धीची आणि दुसरी यंत्रांच्या समजेची. हायस्कूलच्या दाखल्याची अट होतीच. नियम सर्वांना सारखा, पण कमी दर्जाच्या वेगळ्या शाळांत शिकलेले कृष्णवर्णीय त्यात मागे पडत. उलट, पूर्वी लागलेले गोरे कामगार दाखल्याशिवाय तीच कामे नीट करीत होते! १३ कामगारांनी दाद मागितली. ८ मार्च १९७१ रोजी तेथील सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितले की, चाचणीला मनाई नाही, परंतु तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध असला पाहिजे.

दुसरा खटला न्यू हेवन शहराच्या अग्निशामक दलाचा. २००३ मध्ये तेथे बढतीची परीक्षा झाली. कृष्णवर्णीय उमेदवार मागे राहिलेले पाहून, आपल्यावर दावा होईल या भीतीने शहराने निकालच बाजूला ठेवला. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी हे बेकायदेशीर ठरविले. म्हणजे चाचणीची पारख आधी करावी. निकाल पाहून नियम बदलू नयेत.

आता हेच आपल्या धंद्यात कसे करावे? समजा, शिवणकामाच्या कारखान्यात कटर हवा आहे.

१. कामाचीच चाचणी घ्यावी. मापाप्रमाणे कापड कापून घ्यावे. कटरकडून निबंध लिहून घेण्यात अर्थ नाही.

२. सर्वांना तेच कापड, तशीच कात्री आणि तेवढाच वेळ द्यावा.

३. गुण आधीच कागदावर लिहावेत. उदाहरणार्थ, ५० पैकी अचूक मापाला २०, कापडाच्या बचतीला १५, सफाईला १० आणि वेळेला ५.

४. हीच चाचणी प्रथम आपल्या जुन्या, चांगल्या कारागिराला द्यावी. तो नापास झाला तर दोष चाचणीचा समजावा.

५. कापलेल्या तुकड्यांवर नावाऐवजी नंबर घालावेत, म्हणजे तपासणाऱ्याला माणूस कळणार नाही.

६. एक-दोन गुणांचा फरक फार मानू नये. अशा उमेदवारांना दोन दिवस मजुरी देऊन कामावर पाहावे.

आपल्या मुलाचा अर्ज आडनाव पाहून बाजूला टाकू नये, अशी आपली रास्त अपेक्षा असते. मग आपल्या दारी येणाऱ्यालाही, तो कोणत्याही गावाचा, जातीचा वा धर्माचा असो, आपण तेच माप लावले पाहिजे. आपल्या भाच्यालासुद्धा!