डिसेंबरची तयारी जुलैपासून

मोहाडी, जि. भंडारा
२८ जून

चि. छोटी,


परवा फोन ठेवल्यावर तू सांगितलेल्या शर्यती कागदावर उतरवून काढल्या. पंधरा ऑगस्टच्या खुल्या दौडी, पावसाळा सरता सरता क्रॉस कंट्री, डिसेंबरात नागपूरच्या मानकापूरला आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा, निवड झाली तर अखिल भारतीय स्पर्धा, मग सव्वीस जानेवारी. त्यात पोलीस भरती निघाली तर तिचे ८०० मीटर. सगळीकडे जोर लावायचा म्हणतेस. बेटा, एवढ्या ठिकाणी धावता येईल, पण एवढ्या ठिकाणी आपल्या सर्वांत चांगल्या टायमिंगला धावता येणार नाही. शरीर तशी संधी वर्षातून एकदा देतं, फार तर दोनदा. ती कुठे वापरायची हे आत्ता, जूनमध्येच ठरवायला हवं.

गेल्या वर्षीची तुझीच वही उघडून बघ. ऑगस्टमध्ये तुला कोणी हात लावू शकत नव्हतं. दर रविवारी कुठे ना कुठे रोख बक्षीस, आणि मधल्या दिवसांत पुन्हा जोरात ४०० मीटरच्या फेऱ्या. डिसेंबरात ५००० मीटरच्या साडेबारा फेऱ्यांपैकी आठ बऱ्या गेल्या आणि उरलेल्या चार-साडेचार तू पाय ओढत पूर्ण केल्यास. मेहनत कमी पडली असं तुझे बाबा म्हणाले. मला ते पटत नाही. मेहनत भरपूर होती, तिचं फळ तू चार महिने आधीच खाऊन बसली होतीस.

यामागचं कारण नीट समजून घे. लांब आणि सावकाश धावण्याने जे मिळतं ते हळूहळू येतं: स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं. याला महिने लागतात, पण मिळालेलं लवकर जातही नाही. वेगाच्या इंटरव्हलने येणारी धार मात्र पाच-सहा आठवड्यांत येते, फार तर तीन-चार आठवडे टिकते, आणि नंतर ओढत राहिलं की खालचा पायाच खचायला लागतो. तू जुलैतच धार लावायला बसतेस. मग डिसेंबरला हातात काय राहणार?

ललिता बाबरचं २०१५ साल याच नजरेने पाहा. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन तिने २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे हिवाळा लांब अंतरात गेला होता. जूनमध्ये वुहानला आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं, वेळ ९:३४.१३. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९:२७.८६ आणि अंतिम शर्यतीत आठवी. पुढच्या वर्षीही तोच क्रम: एप्रिलअखेर दिल्लीत ९:२७.०९ आणि ऑगस्टमध्ये रिओच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. दोन्ही वर्षी सर्वांत चांगली वेळ आली ती वर्षातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत. आधीच्या शर्यती ती धावली, जिंकलीही, पण त्या वाटेवरच्या होत्या.

हे जमवणं किती कठीण असतं तेही लक्षात असू दे. बीडच्या आष्टी तालुक्यातला आपला अविनाश साबळे २०२४ च्या ७ जुलैला पॅरिसमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८:०९.९१ मध्ये धावला, राष्ट्रीय विक्रम केला. बरोबर महिन्याने त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम शर्यत होती, तिथे ८:१४.१८ लागले आणि तो अकरावा आला. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष, म्हणून त्याला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण एवढ्या तयारीच्या माणसाला जर महिन्याचा फरक सांभाळणं अवघड जातं, तर तुझ्यामाझ्यासारख्यांनी ऑगस्ट ते जानेवारी सगळंच धरून ठेवायचा हट्ट कशाला करावा?

माझ्या मते यंदाची शर्यत डिसेंबरची. ५००० मीटर. १०,००० चा विचार पुढच्या वर्षी. तिथून उलटं मोजत ये.

शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करायचं, रोजच्या निम्म्यावर आणायचं. वेग मात्र कमी करायचा नाही. आठवड्यातून दोनदा थोड्याच, पण शर्यतीच्या वेगाच्या फेऱ्या. या दिवसांत पाय हलके वाटतात आणि हात शिवशिवतात, अजून थोडं मारून घ्यावं असं वाटतं. ते मारायचं नाही. त्याआधीचे पाच-सहा आठवडे, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटापासून, तुझं खरं स्पीड वर्क: १००० मीटरच्या पाच फेऱ्या, ५००० च्या वेगाने, मधे अडीच-तीन मिनिटं हळू जॉगिंग. आठवड्यातून दोनच दिवस. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात चढ आणि टेम्पो, म्हणजे एकसारख्या जोरकस वेगाने सलग धावणं. चढ आपल्या मोहाडीत नाही, सगळं धानाच्या बांध्यांसारखं सपाट. तुला नागपुरात सेमिनरी हिल्स आहे, तिथे जा. आणि आत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये, फक्त सावकाश लांब धावणं, शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्या वेगाने. घड्याळ हॉस्टेलवर ठेवून गेलीस तरी चालेल.

हे काही माझ्या मनचं नाही. न्यूझीलंडच्या आर्थर लिडिअर्डने आपल्या आसपासची पोरं अशी तयार केली. मोठ्या शर्यतीपासून मागे मोजायचं, आणि आधी महिनोन्‌महिने लांब धावायचं. पीटर स्नेल धावायचा ८०० मीटर, पण रविवारी त्यालाही पस्तीस किलोमीटर डोंगराळ रस्त्याने पळावं लागे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी तासाभरात स्नेलने ८०० आणि मरे हाल्बर्गने ५००० चं सुवर्ण घेतलं. त्यांचे आठवड्याचे १६० किलोमीटर तू डोळे मिटून करायला जाऊ नकोस. तुला ५५-६० पुरे, तेही हळूहळू वाढवत.

आता क्रॉस कंट्री. ती धाव, मनापासून धाव, पण तिच्यासाठी फक्त आधीचे तीन दिवस हलके ठेव. त्या वेळी दमट उकाडा असतो, चिखल असतो, टायमिंगचं मनाला लावून घेऊ नकोस. आणि हा काळ नवरात्राला लागून येतो. चौंडेश्वरी मातेचं नवरात्र तू सातवीपासून नऊ दिवस कडक धरतेस, हे मला माहीत आहे. भक्तीला मी हात लावत नाही. पण नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर राहून टेम्पो मारलास तर नोव्हेंबर गेला समज. एक तर उठता-बसता धर, किंवा ते नऊ दिवस फक्त सावकाश धाव. तुझ्या आजीशी मी बोललो आहे, तिची हरकत नाही.

दुसरं, धानाची रोवणी. पऱ्हे चांगले उगवले आहेत. पंधरा-वीस दिवसांत रोवणा सुरू होईल आणि तू सुट्टी काढून येशीलच. आईला मदत कर, पण ते दिवस वहीत ‘विश्रांती’ म्हणून लिहू नकोस. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून राहणं कंबर आणि मांडीच्या मागच्या शिरा खाऊन टाकतं. त्या आठवड्यात संध्याकाळचं धावणं बंद, सकाळी अर्धा तास बस. आणि तुमसर रोडवर अंधारात जाऊ नकोस, ट्रक फार वाढले आहेत.

पोलीस भरतीचं तुझ्या बाबांच्या मनात आहे, आणि ते चूक नाही. नोकरी लागली तर घराला आधार होईल. पण ८०० मीटर तुला वेगळं शिकायची गरज नाही. गोळाफेक आणि १०० मीटरसाठी थोडा वेळ काढ. भरतीची तारीख डिसेंबरच्या आसपास आली तर मग यंदाची शर्यत तीच, मानकापूर दुसऱ्या नंबरावर. तसं झालं तर मला लगेच कळव, सगळं पुन्हा मांडू. रविवारच्या बक्षिसांच्या दौडींचं मात्र मी स्पष्ट सांगतो: ऑगस्ट ते डिसेंबर जास्तीत जास्त दोन. बुटांचे पैसे मी देतो.

निवड होऊन अखिल भारतीयला गेलीस तर मधल्या आठवड्यांत नवं काही करायचं नाही. हलकं धावणं, आठवड्याला एकच धारदार दिवस. ती झाली की दोन आठवडे बूट कोपऱ्यात. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं आधीपासून गणित करू नकोस: २०२० ला ती फेब्रुवारीत भुवनेश्वरला होती, २०२२ ला एप्रिल-मेमध्ये बंगळूरूला, २०२३ ला मे-जूनमध्ये उत्तर प्रदेशात, २०२४ ला पुन्हा फेब्रुवारीत ईशान्येकडे. नाव आलं आणि तारीख हातात पडली की आठ-दहा आठवड्यांत दुसरी धार लावता येते, फक्त खालचा पाया शाबूत हवा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे टाळू नकोस. रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही. लोह कमी असलं तर कोणतंही वेळापत्रक फुकट आहे. जेवणानंतर लगेच चहा नको, भाजीवर लिंबू पीळ, शेंगदाणे-गूळ खोलीत ठेव. त्याबरोबर सिकलसेलचीही तपासणी कर. आपल्या पूर्व विदर्भात ती किती घरांत आहे हे तुला सांगायला नको, आणि सरकारी दवाखान्यात ती होते. वाहक निघालीस तरी धावणं थांबत नाही. पण मग उन्हात, पाणी कमी पिऊन, एकामागून एक जोरात फेऱ्या मारणं जिवावर बेतू शकतं. तुझ्या प्रशिक्षकांना ते ठाऊक असलंच पाहिजे. मामी म्हणते, पाळी दोन महिने चुकली तर ‘सराव जोरात आहे’ म्हणून सोडून देऊ नको. पोटाला कमी पडतंय असा त्याचा अर्थ असतो. तिला फोन कर, मला नाही सांगितलंस तरी चालेल.

रोज उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोज आणि वहीत लिही. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले तर त्या दिवशी फेऱ्या रद्द.

तपासणीच्या कागदाचा फोटो काढून पाठव. विद्यापीठाचं परिपत्रक लागलं की तारखा कळव. मी भिंतीवर कॅलेंडर मोकळं ठेवलं आहे.

तुझा,
मोठा मामा